पशूंच्या विषाणुजन्य रोगांवरील लसी

पशूंच्या विषाणुजन्य रोगांवर लक्षणानुसार उपचार करता येतात. परंतु मूळ विषाणूचा नाश करणारे औषध बहुतेक रोगांत उपलब्ध नसते. त्यामुळे रोग होऊ न देणे हाच मुख्य उपाय ठरतो व त्यासाठी लस हे प्रमुख साधन होय. अशा लसींचा भारतातील इतिहास बुळकांडीपासून सुरू होतो.

बुळकांडी हा गाई-म्हशींचा अत्यंत मारक साथीचा रोग होता. ताप, तोंडातील व्रण व दुर्गंधीयुक्त हगवण ही त्याची लक्षणे असून साथीत गोठेच्या गोठे रिकामे होत. १८७१ मध्ये पशुरोगविषयक आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला व त्या अनुषंगाने १८८९ मध्ये पुणे येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. ॲल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख होत. अतिशय संसर्गजन्य रोगांवरील प्रयोग भर वस्तीत करणे धोक्याचे असल्यामुळे व हवामानही अनुकूल नसल्यामुळे १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँ भागातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. हीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून इझतनगर येथे विस्तारली. तिचा उगम पुण्यात झाला, ही गोष्ट पुण्यातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

प्रारंभी रोगातून उठलेल्या जनावराचा रक्तरस टोचत. त्याने मिळणारे संरक्षण काही दिवसच टिके. म्हणून रक्तरस व रोगी जनावराचे विषाणुयुक्त रक्त एकाच वेळी टोचण्याची पद्धत आली. तिने प्रतिकारक्षमता दीर्घकाळ टिके, परंतु बैलाच्या रक्ताबरोबर त्यातील गोचीडजन्य रोगांचे परजीवीही निरोगी जनावरात जात. हा दोष टाळण्यासाठी जे. टी. एडवर्ड्‌स यांनी मुक्तेश्वर येथे विषाणू शेळ्यांमध्ये वाढविण्यास सुरुवात केली. शेळीच्या रक्तात गुरांचे ते परजीवी नसतात, एवढाच हेतू त्यामागे होता. एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा शेकडो वेळा प्रवास घडल्यावर मात्र विषाणूची गुरांतील मारकता कमी झाल्याचे आढळले. रक्तरसाची जोड न देताही तो टोचता येऊ लागला. १९२७ च्या सुमाराची ही शेळी-ऊतक लस एका टोचणीत बहुधा जन्मभर पुरेल अशी प्रतिकारक्षमता देई व ती स्वस्तही होती. देशी गुरांना ती मानवली, संकरित व विदेशी गुरांना मात्र तिची प्रतिक्रिया तीव्र येई.

याच लसीच्या बळावर १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम हाती घेण्यात आला. पुढे डब्ल्यू. प्लाउराइट यांनी केन्यात तयार केलेली कोशिका-संवर्धित लस अधिक निर्धोक ठरली व तिचा वापर वाढला. भारतात बुळकांडीचा अखेरचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला, २००६ मध्ये देश संसर्गमुक्त मानला गेला आणि २०११ मध्ये रोगाचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसरा विषाणुजन्य रोग होय. आज पशुवैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाने बुळकांडीचे जनावर पाहिलेले नसते.

डुकरांच्या बाबतीत हे भाग्य वाट्याला आले नाही. वराहज्वर हा रोग जंतुजन्य आहे, असे अमेरिकेत प्रथम मानले गेले. तो गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी द श्वाइनिट्स व डॉरसेट यांनी दाखविले. तेथेही रक्तरस व विषाणू एकत्र टोचण्याचीच पद्धत प्रथम रूढ झाली. नंतर विषाणू सशांमध्ये वाढवून क्षीण करण्यात आला. बुळकांडीत शेळीने जे काम केले, तेच येथे सशाने केले. भारतात १९६४ पासून वेब्रिज वाणाची ससा-लस तयार होत असे. ती गुणकारी असली, तरी तिच्यासाठी ससे मारावे लागत व एका सशाच्या प्लीहेपासून सुमारे ५० मात्राच मिळत. देशाची वार्षिक गरज सुमारे २ कोटी २० लाख मात्रांची असता उत्पादन १२ लाखांच्या आसपासच राहिले. इझतनगरच्या संस्थेने हाच विषाणू कोशिका-संवर्धनात वाढवून तयार केलेली लस २०२० मध्ये, म्हणजे पाच दशकांहून अधिक काळाने, प्रसृत झाली. या विलंबाचे कारण केवळ शास्त्रीय नसावे. वराहपालन हा वडार, कैकाडी इ. समाजांतील काही कुटुंबांचा परंपरागत उदरनिर्वाह आहे. गाय-बैल बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्यास मिळते तेवढे वजन त्यांच्या गाऱ्हाण्यास मिळालेले नाही. त्याच वर्षी ईशान्य भारतात आफ्रिकी वराहज्वर शिरला. हा रोग नावाने सारखा असला, तरी त्याचा विषाणू सर्वस्वी वेगळा असल्यामुळे वराहज्वराची लस त्यावर चालत नाही. व्हिएटनामने त्यावरील लसीस २०२२ मध्ये परवानगी दिली.

महाराष्ट्रात लसीची खरी कसोटी लागली ती लंपी चर्मरोगात. १९२९ मध्ये उत्तर ऱ्होडेशियात (आताचा झँबिया) प्रथम आढळलेला हा रोग २०१९ मध्ये ओडिशात व २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यात पोहोचला. ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातील चिनावल (ता. रावेर) येथे त्याची नोंद झाली आणि तेथून तो शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात पसरला. मलकापूर, मोताळा, नांदुरा व जळगाव जामोद हे तालुके जळगाव जिल्ह्याला किंवा त्याच्या लगतच्या पट्ट्याला जवळचे. गुरांची ये-जा नित्याची आणि पावसाळ्यात माश्या, डास व गोचीड भरपूर. हेच कीटक रोग वाहून नेतात. डवरणी चालू असलेल्या हंगामात बैलांच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले. पोळा ऑगस्टअखेरीस आला. पुढे शासनाने राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करून गुरांचे बाजार व वाहतूक बंद केली. अधिक मृत्यू नोंदलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याची गणना झाली. दगावलेल्या गायीसाठी ३०,००० रु., बैलासाठी २५,००० रु. व वासरासाठी १६,००० रु. साहाय्य देण्यात आले. ऐन हंगामात जोडीतला एक बैल गेल्यावर उरलेला एकटा औताला जुंपता येत नाही, ही हानी मात्र या आकड्यांत मावत नाही.

लंपीच्या विषाणूवरील स्वतंत्र लस तेव्हा बाजारात नव्हती. तथापि लंपी, मेंढ्यांच्या देवी व शेळ्यांच्या देवी यांचे विषाणू एकाच प्रजातीतील असल्यामुळे शेळ्यांच्या देवीवरील लस गुरांना टोचण्यात आली. बुळकांडीनंतर सुमारे शतकाने शेळी पुन्हा एकदा गुरांच्या उपयोगी पडली. प्रारंभी बाधित गावाभोवती ५ किमी. परिघात व नंतर राज्यातील सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंशापैकी जवळजवळ सर्वांना ही लस देण्यात आली. टोचल्यानंतर प्रतिकारक्षमता येण्यास साधारणतः तीन आठवडे लागतात. ज्यांच्यात रोग आधीच शिरला होता, अशी काही जनावरे लसीनंतर आजारी पडली व लोकांनी दोष लसीला दिला. परिघ आखेपर्यंत माशी त्याच्या पलीकडे गेलेली असे, हे त्याचे खरे कारण होते. २०२३ मध्ये रोग पुन्हा उद्भवला तेव्हा झळ मुख्यत्वे वासरांना बसली.

दरम्यान हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इझतनगरच्या संस्थेच्या सहकार्याने रांची येथे २०१९ मध्ये मिळविलेला लंपीचा विषाणू कोशिका-संवर्धनात ५० वेळा वाढवून क्षीण केला. त्यापासूनची ‘लंपी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी, चिनावलच्या नोंदीनंतर सहाच दिवसांनी, जाहीर झाली. डिसेंबर २०२२ मध्ये तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार नागपूर येथे झाला.