दुसऱ्यांदा वाचलेली आज्ञा

लेखी हुकूम वाचणाराचें काम दुहेरी असतें. हुकुमांतील कोणता शब्द करावयाची क्रिया सांगतो आणि कोणता शब्द त्या क्रियेच्या विषयाचें केवळ नांव आहे, हें त्यास ओळखावें लागतें. माणसाचा येथें सहसा घोटाळा होत नाहीं. यंत्रास ही ओळख कशानें पटवावयाची, हा प्रश्न मात्र पन्नासांहून अधिक वर्षें चालत आला आहे, आणि त्यांतील ढिलाईची किंमत पुष्कळांनीं मोजली आहे. युनिक्स या संगणकप्रणालींतील 'शेल' नामक आज्ञावाचकाचा इतिहास आम्हांस या दृष्टीनें फार बोधप्रद वाटतो.

शेल म्हणजे कवच. हें नांव लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्यानें १९६५ च्या सुमारास मल्टिक्स प्रणालीच्या आखणीच्या वेळीं योजलें. युनिक्सचा पहिला शेल केन टॉम्प्सन यांनीं न्यू जर्सींतील मरे हिल येथें, बेल प्रयोगशाळेंत लिहिला, साल १९७१. त्याची रीत साधी होती. टंकित ओळ घ्यावयाची, मोकळी जागा दिसेल तेथें ती तोडावयाची, पहिला तुकडा हा कार्यक्रमाचें नांव समजावयाचा आणि उरलेले तुकडे त्या कार्यक्रमाच्या हवालीं करावयाचे. त्या तुकड्यांपैकीं ज्याच्या आरंभीं आडवी रेघ असेल तो 'पर्याय', म्हणजे काम कसें करावें याची सूचना. बाकीचीं फायलींचीं नांवें. हा संकेत टंकलेखनाचे श्रम वांचविणारा होता, आणि त्या काळच्या मंद यंत्रांवर ते श्रम वांचविणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हती. परंतु सूचना आणि नांव यांच्यामध्यें कुंपण काय तें एका रेघेचें!

फायलीस नांव देणारा रेघेनेंच नांवाचा आरंभ करूं लागला तर त्यास युनिक्स अडवीत नाहीं. एखाद्या कप्प्यांत '-आरएफ' अशा नांवाची फाईल पडली आहे, आणि मालकानें तारकाचिन्ह घालून 'येथील सर्व पुसा' अशी आज्ञा केली, असें समजूं. तारकेच्या जागीं सर्व नांवें भरण्याचें काम पुसणाऱ्या कार्यक्रमाचें नव्हे. तें आधींच उरकलेलें असतें. त्यामुळें त्या कार्यक्रमापुढें एक नांव सूचनेचा वेष घेऊन उभें राहतें, आणि 'आंतील कप्प्यांसह, कांहीं न विचारतां पुसा' असा तिचा अर्थ होतो. यावर पुढें उपाय निघाला तो दोन आडव्या रेघांचा: त्या दिसल्या कीं सूचना संपल्या, पुढें सारीं नांवें. उपाय उत्तम, पण तो लिहिणाराच्या आठवणीवर सोडलेला आहे.

याहून विलक्षण प्रकार आज्ञापटांचा. १९८० सालीं डेनिस रिची यांनीं, शेलसाठीं लिहिलेला पट थेट कार्यक्रमासारखा चालविण्याची सोय केली. त्या सोयींत पटाचें नांवच शेलला तुकडा म्हणून मिळे. ज्या पटांना मालकाचा अधिकार बहाल केलेला असे, त्यांतील एखाद्यास कोणीं '-आय' असें दुसरें नांव जोडून चालविलें, तर शेलला तो पट दिसेच ना. 'समोरच्या माणसाशीं संवाद कर' एवढी सूचना दिसे, आणि मालकाचा सर्व अधिकार परक्याच्या हातीं जाई.

१९७९ सालीं, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर, स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर पडला. बोर्न यांच्यावर आल्गोल ६८ या भाषेचे संस्कार होते. म्हणून 'इफ' चा शेवट उलट्या अक्षरांनीं 'एफ-आय' असा होतो. 'डू' चा शेवटही तसाच व्हावयाचा, पण 'ओडी' नांवाचा कार्यक्रम आधींच नांदत असल्यामुळें तेथें 'डन' आलें. ही गंमत असो. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या शेलजवळ चलांसाठीं यादी नांवाची वस्तूच नव्हती. होती ती केवळ अक्षरांची ओळ. चलाचें मूल्य अवतरणचिन्हांत न ठेवतां वापरलें कीं तें पुन्हा मोकळ्या जागीं तुटे, आणि ज्या नांवांत मोकळी जागा आहे त्याचीं दोन नांवें होत. हाती आलेले तुकडे जसेच्या तसे पुढें देण्यास डॉलर आणि ॲट हीं दोन चिन्हें अवतरणांत घालावीं लागत. अवतरण विसरलें कीं सारें फुकट.

१९८० च्या सुमारास आलेला 'गेटऑप्ट' नांवाचा कार्यक्रम याच दोषावर अडला. सूचना निवडून तो त्यांची व्यवस्थित मांडणी करी खरा, पण उत्तर एका सलग ओळींत देई, आणि ती ओळ शेल पुन्हा तोडी. लिनक्सवर प्रचलित असलेल्या त्याच्या सुधारलेल्या रूपानें निराळी वाट धरली: प्रत्येक तुकडा अवतरणांत गुंडाळून द्यावयाचा आणि 'इव्हॅल' कडून ती ओळ पुन्हा वाचवून घ्यावयाची.

हें इव्हॅल म्हणजे या कथेंतील खरें पात्र. एकदां वाचून झालेली ओळ तें आज्ञा म्हणून दुसऱ्यांदा वाचावयास लावतें. येथें कोणी 'ध' चा 'मा' केलेला नसतो. अक्षरें तींच राहतात. पहिल्या वाचनांत जो अर्धविराम एखाद्या नांवाचा निरुपद्रवी भाग होता, तो दुसऱ्या वाचनांत मात्र नव्या आज्ञेचा आरंभ होतो. गेटऑप्टच्या वाटेंत हें निभावतें, कारण अवतरणें तो कार्यक्रम स्वतः घालतो. परक्यानें पुरविलेला मजकूर तसाच इव्हॅलच्या ओळींत चिकटविणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही देणें होय. चलाचें मूल्य ओळींत न भरतां केवळ त्याचें नांव भरावें आणि तें नांवही अक्षरें, अंक व अधोरेघा यांचेंच आहे ना हें आधीं तपासावें, एवढें पथ्य पाळलें तर धोका बराच टळतो. आमच्या मतें इव्हॅल न वापरणें हेंच बहुधा श्रेयस्कर. १९८६ सालीं शेलच्याच अंगीं बसविलेलें 'गेटऑप्ट्स' सूचना एकेक करून देतें, तेथें दुसऱ्या वाचनाची गरजच पडत नाहीं. १९९२ च्या पॉसिक्स प्रमाणांत त्यास स्थान मिळालें. मात्र लांब शब्दांच्या सूचना त्यास समजत नाहींत, म्हणून जुनी वाट अद्याप ओस पडलेली नाहीं.

बेल प्रयोगशाळेंतच टॉम डफ यांनीं 'आरसी' हा शेल रचतांना या दुखण्याचें मूळ हेरलें. त्यांनीं चलांस याद्या दिल्या आणि एकदां वाचलेलें पुन्हा न वाचण्याचा नियम घातला. प्रसार मात्र बोर्न यांच्या वंशाचाच झाला.

त्या वंशांतील 'बॅश' १९८९ सालीं जन्मास आला. त्याच सालीं त्यांत एक सोय शिरली: आज्ञासमूहाची व्याख्या परिसर-चलांतून एका शेलनें दुसऱ्यास द्यावी. घेणारा शेल ती व्याख्या वाची, आणि ती संपल्यावरही पुढें जें कांहीं लिहिलेलें असेल तें आज्ञा म्हणून पाळी. पुढें जाळ्यावरील सेवक-यंत्रें परक्या विनंतींतील मजकूर अशाच चलांत भरून कार्यक्रम चालवूं लागलीं. पंचवीस वर्षें हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. सप्टेंबर २०१४ मध्यें स्तेफान शाझला यांनीं दाखविलेला हा दोष 'शेलशॉक' या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि कांहीं तासांतच त्याचा फायदा घेणारे निघाले. पहिली दुरुस्ती अपुरी ठरून मागोमाग आणखी दुरुस्त्या कराव्या लागल्या. तेव्हांपासून बॅश अशा व्याख्या एका ठराविक उपसर्गाच्या नांवाखालींच स्वीकारतो; इतर चलांत व्याख्या शोधावयास तो जात नाहीं.