सावकाराची वही आणि न्यायमूर्ती रानडे

१२ मे १८७५ रोजी सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंडचा भागही त्याच तालुक्यातला. हा वणवा शिरूरपर्यंत पोचला. शेतकऱ्यांचा मुख्य राग कागदावर होता, कारण कोर्ट अंगठा पाहून हुकूमनामा देत असे.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. कर्जाचा मूळ हिशेब तपासणे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले. १८८७ मध्ये महादेव गोविंद रानडे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश झाले. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतील कोर्टांचे काम ते तपासत. १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी स्वतः अकरा वर्षांच्या मुलीशी दुसरा विवाह केला, हे आम्ही विसरत नाही. तरीही १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात बाबासाहेबांनी त्यांचे मोठेपण मान्य केले. विभूतिपूजा मात्र नाकारली. हक्कांचे रक्षण नुसता कायदा करत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते, हेही त्याच भाषणात बजावले.

आज याच पट्ट्यात ऊसतोड मजूर उचल फेडायला राबतो. वही मुकादमाकडे असते. आम्ही ती जाळा म्हणत नाही. उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हाती द्या, एवढेच म्हणतो. तो मागायला मजुराच्या पाठीशी आपण उभे राहणार आहोत का?

जय भीम!