परधानांची किंगरी आणि वीररस

वीररसाचे संगीत म्हटले की मराठी माणसाच्या कानी प्रथम डफ आणि तुणतुणे येते. १६५९ साली अफजलखानाचा वध झाला आणि अज्ञानदासाने त्याचा पोवाडा रचिला. तुळशीदासाने सिंहगडाचा रचिला. पुढे १८९१ साली अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापून ही संपत्ती ग्रंथात आणिली. शाळेत हे आपण हौसेने शिकवितो. परंतु अभिजात संगीतात वीराला जागा कोठे आहे, असे एखाद्या चौकस मुलाने विचारिले तर उत्तर देताना आपण अडखळतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात षड्ज व ऋषभ हे स्वर वीर, रौद्र आणि अद्भुत या रसांना नेमून दिले आहेत. गवईही अडाणा, शंकरा, हिंदोल या रागांची नावे घेऊन हे वीररसाचे असे सांगतात. पण ख्यालाच्या बंदिशी चाळून पाहाव्यात. प्रियकराची वाट, सासू-नणंदेचा जाच, मेघ, वसंत, कृष्णाची खोडी हे सर्व तेथे आहे. रणांगण मात्र क्वचित. वीराला स्वर मिळाला, शब्द मिळाला नाही, असे म्हणावयास हरकत नाही. ही उणीव आपल्या संगीत रंगभूमीने काही अंशी भरून काढिली. वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ आणि १९३१ सालचे सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांत वझेबुवांच्या चाली आणि दीनानाथ मंगेशकरांचा तडफदार गळा यांनी रागदारी युद्धाच्या शब्दांना भिडविली. तो पारतंत्र्याच्या काळातील आवेश होता. आज ती पदे मैफलीत गाइली जातात तेव्हा श्रोते ताना मोजतात. खड्गाकडे फारसे कोणाचे लक्ष नसते.

आमच्या आदिलाबादेकडे हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला आहे, आणि तिकडे आपल्या अभ्यासकांची दृष्टी अद्याप पुरेशी वळलेली नाही. (२०१६ साली या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले; तरी आम्ही जुनी माणसे सवयीने सगळ्या मुलखाला आदिलाबादच म्हणतो.) येथील राजगोंडांची वीरगाथा गोंड स्वतः गात नाहीत. ती गाण्याचा अधिकार वंशपरंपरेने परधानांचा. आणि मराठी वाचकाने येथे थांबून विचार करावा अशी गोष्ट ही की, या परधानांची घरची बोली मराठी आहे. चुलीपाशी मराठी, आणि हाती किंगरी घेतली की गोंडी! एका भाषेत संसार करून दुसऱ्या भाषेचे महाकाव्य पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवणारा दुसरा समाज आम्हांस तरी चटकन आठवत नाही.

किंगरी हे तीन तारांचे, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजविण्याचे वाद्य. तिच्या जोडीला ढोल व ‘पेपरे’ नावाचे सनईच्या जातीचे वाद्य असते. गोंडांची कुळे चार, पाच, सहा व सात भावांच्या शाखांत वाटलेली आहेत, आणि प्रत्येक शाखेची गाथा स्वतंत्र. पूर्वज कोंडलेल्या गुहेतून कसे सुटले, राक्षसांशी कसे झुंजले, कुळाचा देव त्यांना कसा लाभला, हा तिचा विषय. ती कोठेही, केव्हाही गावयाची नाही. पौष आणि वैशाख या महिन्यांत ‘पेरसा पेन’ या कुलदेवतेची पूजा होते, तेव्हा तिचा मुख्य प्रसंग. या देवतेचे चिन्ह काय असावे? भाल्याचे लोखंडी पाते आणि चवरी. म्हणजे शस्त्र आणि राजचिन्ह! ज्या गाण्यासमोर भाला देव म्हणून ठेवलेला असतो, त्याच्या वीररसाविषयी शंका ती काय घ्यावयाची?

याला ‘लोकगीत’ या सदरात टाकून मोकळे होण्याची आपली रीत आहे. आमच्या मते ती तपासून पाहावयास हवी. अभिजाततेची लक्षणे आपण कोणती मानतो? वंशपरंपरेची तालीम, जपलेली संहिता, बोलीहून जुनी भाषा, गाण्याची ठरलेली वेळ, आणि गायकाला पोसणारा आश्रयदाता. ही पाचही येथे आहेत. प्रत्येक परधान घराणे ठराविक गोंड कुळांशी बांधलेले. लग्नात, मर्तिकात, देवकार्यात त्याचा मान आणि त्याचे देणे ठरलेले. रागविस्तार नाही, हे खरे. पण रागविस्तार हीच अभिजाततेची एकमेव कसोटी मानली तर सामगायनाची काय वाट?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट मोलाची वाटेल. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांनी घेतले. दरबार गेला की दरबारी गाणे जाते, असा सर्वसाधारण अनुभव. येथे ते गेले नाही, कारण या गाथेचा नायक सिंहासनावरचा राजा नव्हता. तो कुळाचा मूळपुरुष होता, आणि कुळ तर टिकून होते. आपल्या पोवाड्याला तिथी आहे, किल्ला आहे, शत्रूचे नाव आहे. परधानाच्या गाथेला तिथी नाही. इतिहासकार म्हणून आम्हांस ती उणीव वाटते. पण तिच्या दीर्घायुष्याचे कारणही बहुधा तेच असावे.

याची दुसरी बाजूही आहे. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांशी लढताना कोमरम भीम पडला. त्याचे स्मरण दर वर्षी आश्विन पौर्णिमेस तेथे होते, त्याच्यावर गाणी आहेत, आणि २०२२ सालच्या एका तेलुगू चित्रपटाने त्याचे नाव देशोदेशी नेले (कथा मात्र सर्वस्वी कल्पित). पण कुळाच्या गाथेचा नियम पूर्वजांचा. कालचा वीर, तो केवढाही असो, तिच्यात सहजी शिरत नाही. जो नियम गाथेला राखतो तोच तिला नव्या रक्तापासून दूरही ठेवतो.

भीमाच्या लढ्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास फ्यूरर-हैमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडितास पाठविले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या राजगोंडांवरील त्यांच्या ग्रंथात या गाथांना मोठे स्थान आहे. आपले सेतु माधवराव पगडी याच जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी आत्मसात केली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मराठीत मात्र या गाथांचा अर्थासह सिद्ध केलेला पाठ आम्ही पाहिलेला नाही. इकडे परधानांची मुले आमच्यासारख्यांच्या शाळांत येतात. मराठी, तेलुगू, इंग्रजी आणि गणित यांत त्यांचा दिवस सरतो. रात्री बापाजवळ बसून किंगरीचा गज धरावयास वेळ उरत नाही, आणि बापही आग्रह धरीत नाही, कारण त्याला मुलाची नोकरी हवी आहे. त्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

गाथेतील जुने गोंडी शब्द आज श्रोत्यांसही सर्वच कळतात असे नाही. ते कळतात त्या वृद्ध गायकांना, आणि अर्थ विचारला तर तो ते आपल्या घरच्या बोलीत, म्हणजे मराठीतच सांगणार. तेव्हा हे टिपणाचे काम लंडनच्या पंडितापेक्षा उटनूरच्या किंवा किनवटच्या मराठी शिक्षकास अधिक सोपे आहे. त्याला एक वही लागेल, पौषातल्या काही रात्री लागतील, आणि प्रथम यजमान कुळाची अनुमती लागेल. ती मागितल्याखेरीज किंगरीला कोणी हात लावू नये.