आठने भागण्याआधी: टी-वन आणि स्कझीच्या आकड्यांचा इतिहास

एक साधं गणित घेऊया. एकीकडे १.५४४ मेगाबिट प्रति सेकंद वेगाची टी-वन टेलिफोन लाइन, दुसरीकडे ५ मेगाबाइट प्रति सेकंद वेगाची जुनी स्कझी केबल. स्कझीचा पूर्ण वेग वाहून न्यायला किती टी-वन लाइन लागतील? एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ५ गुणिले ८, म्हणजे ४० मेगाबिट. त्याला १.५४४ ने भागलं की २५.९ येतात. उत्तर २६. एककं बदलून देणारा कुठलाही कॅल्क्युलेटर हेच सांगेल.

प्रत्यक्षात मात्र २६ लाइन कमी पडतात. का, ते कळायला हे दोन्ही आकडे जन्माला कसे आले हे बघावं लागतं.

टेलिफोनवाल्यांनी काय मोजलं?

आवाजाचे नमुने घेऊन ते आकड्यांच्या रूपात पाठवायची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याची. १९३८ मध्ये, पॅरिसमध्ये काम करत असताना, त्यांनी तिचं पेटंट घेतलं. पण त्या काळच्या व्हॉल्व्हवर हे परवडणारं नव्हतं. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ मध्ये अमेरिकेच्या बेल सिस्टिमने टी-वन सुरू केली.

आता हिशेब बघा. फोनवरचं बोलणं समजायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो. काठाला थोडी जागा सोडून तो ४००० हर्ट्झ धरला. नमुने त्याच्या दुप्पट हवेत, म्हणून सेकंदाला ८०००. प्रत्येक नमुन्याला ८ बिटांची जागा, म्हणजे एका संभाषणाला ६४,००० बिट. अशी २४ संभाषणं एकाच तारजोडीवर पाळीपाळीने पाठवायची, म्हणजे एका फेरीत १९२ बिट.

पण पलीकडच्या यंत्राला कसं कळणार की फेरी कुठे सुरू झाली? म्हणून प्रत्येक फेरीत एक जादा बिट घातला, १९३वा. १९३ गुणिले ८००० म्हणजे १५,४४,०००. हाच तो १.५४४. तारेवरून बिट एकामागून एक जातात, म्हणून मोजणीही बिटांतच. आणि तारेवरून जे काही जातं ते सगळं मोजलं जातं, अगदी तो खुणेचा बिटसुद्धा.

युरोपात २४ ऐवजी ३२ कप्पे घेतले, म्हणून तिथली ई-वन २.०४८ मेगाबिटची. आपण भारतातही तीच वापरतो. ३२ पैकी ३० कप्पे बोलण्याचे. उरलेले दोन फेरीच्या खुणेसाठी आणि फोन जोडण्या-तोडण्याच्या संदेशांसाठी.

डिस्कवाल्यांनी काय मोजलं?

स्कझीचं मूळ शुगार्ट असोसिएट्स या कंपनीच्या सॅसी या जोडणीत. ती १९८१ ची. १९८६ मध्ये स्कझी हे अमेरिकी मानक झालं. इथे अंतर होतं फार तर काही मीटर, त्यामुळे जादा तारा घालणं परवडत होतं. आठ तारांवरून आठ बिट एकदम, म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक अख्खा बाइट. सेकंदाला जास्तीत जास्त ५० लाख ठोके, म्हणून ५ मेगाबाइट. एकक बाइट का, याचं उत्तर केबलच्या रचनेतच आहे.

गंमत पुढे आहे. या आठ तारांच्या जोडीला नववी तार होती, चूक पकडण्यासाठीच्या पॅरिटी बिटाची. तीही प्रत्येक ठोक्याला बिट नेते. पण ५ मेगाबाइटमध्ये ती धरलेलीच नाही!

म्हणजे टेलिफोनच्या आकड्यात व्यवस्थेचा खर्च धरलेला आहे आणि स्कझीच्या आकड्यात पॅरिटीचा खर्च वगळलेला आहे. आपण आठने गुणतो तेव्हा एकक जुळतं, पण मोजलेली गोष्ट जुळत नाही.

आता पुन्हा भागाकार

टी-वनमधला खुणेचा बिट काढला की माहितीसाठी उरतात १.५३६ मेगाबिट. २६ लाइनचे होतात ३९.९३६. हवे होते ४०. म्हणजे लाइन २७ लागतील. ई-वनचंही तेच. कच्च्या वेगाने भागलं तर २० लाइन पुरतात असं दिसतं. ३० कप्पेच धरले तर एका लाइनवर १.९२ मेगाबिट मिळतात आणि गरज २१ वर जाते.

हजाराचा घोळ वेगळाच. टी-वनचे १.५३६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. टेलिफोनच्या जगात किलो म्हणजे १०००. संगणकाचा प्रोग्रॅम मात्र अनेकदा १०२४ ने भागतो आणि १८७.५ दाखवतो. लाइन हळू झालेली नसते, मोजपट्टी बदललेली असते. हा गोंधळ टाळायला १९९८ मध्ये १०२४ साठी किबी हा वेगळा उपसर्ग ठरवला गेला, तरी जुन्या कागदांत किलोच सापडतो.

आणि 'आठने भागा' हा नियमही कायमचा नाही. पहिल्या साटा जोडणीचा वेग १.५ गिगाबिट. आठने भागलं तर १८७.५ मेगाबाइट यायला हवेत, पण मिळतात जास्तीत जास्त १५०. कारण तिथे प्रत्येक बाइट तारेवर १० बिटांच्या रूपात जातो.

तुमच्या कामात याचा उपयोग

जुन्या पेपरमधला वेग तुमच्या तक्त्यात घेताना तीन प्रश्न विचारा. हा आकडा तारेवरच्या सगळ्या बिटांचा आहे की फक्त माहितीचा? किलो १००० चा की १०२४ चा? आणि हा जोडणीचा कमाल वेग आहे की प्रत्यक्ष मोजलेला? स्कझीचे ५ मेगाबाइट हा केबलचा कमाल वेग आहे. डिस्क त्या वेगाने वाचेलच असं नाही. उत्तरं कार्यपद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत लिहून टाका. तोंडी परीक्षेत कुणी बोट ठेवलं तर तीच ओळ कामाला येते.

आता हे करून बघा. अमेरिकेत २८ टी-वन एकत्र करून टी-थ्री लाइन होते. २८ गुणिले १.५४४ म्हणजे ४३.२३२, पण टी-थ्रीचा वेग आहे ४४.७३६ मेगाबिट. मधले १.५०४ मेगाबिट कशावर खर्च झाले? एक इशारा देतो: २८ लाइनची २८ घड्याळं, आणि प्रत्येक किंचित पुढे-मागे चालणारं.