रेषेची जाडी

इतिहास सांगण्याचे काम आपण सहसा शब्दांकडे सोपवतो. शार्ल जोसेफ मिनार या फ्रेंच अभियंत्याने २० नोव्हेंबर १८६९ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, काढलेल्या नकाशात ते एका पट्ट्याकडे सोपवले आहे. १८१२ मध्ये नेमान नदी ओलांडून रशियात शिरलेले ४,२२,००० सैनिक, मॉस्कोला पोहोचलेले १,००,००० आणि नेमानपाशी परतलेले १०,००० : दहा हजार माणसांना एक मिलिमीटर, या मापाने पट्टा निमुळता होत जातो. जातानाचा रंग फिका, परतीचा काळा. शीर्षकात नेपोलियनचे नाव नाही. आहे ती फ्रेंच सैन्यातील माणसांची क्रमशः झालेली हानी.

हे रूप मिनारला सुचले कसे? त्याचे मूळ युद्धचित्रांत नाही, व्यापारात आहे. कालवे आणि बंदरे यांच्या बांधकामात आयुष्य घालवलेला मिनार १८५१ मध्ये निवृत्त झाला आणि त्यानंतर मालाच्या वाहतुकीचे नकाशे काढण्यात रमला. जितका माल, तितका पट्टा रुंद. १८६६ च्या एका नकाशात त्याने युरोपात येणारा कापूस दाखवला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा पुरवठा आटला आणि हिंदुस्थानातून निघणारा पट्टा फुगला. मुंबईतील त्या काळच्या कापूस-तेजीचा इतिहास वाचलेल्यांना या पट्ट्यामागची गोष्ट ठाऊक आहे.

कापसाच्या जागी माणसे आली, एवढाच हा बदल नाही, असे आम्हांला वाटते. मालाचा पट्टा कुठेतरी पोहोचतो. सैन्याच्या पट्ट्यातून गळलेली रुंदी बहुतांशी कुठेच पोहोचत नाही. पोहोचणे दाखवण्यासाठी घडवलेले रूप मिनारने न पोहोचणे दाखवण्यासाठी वापरले. त्याच्या निर्मितीचे मर्म आम्हांला येथे दिसते.

प्रत्येक रूप काही गाळते. मुख्य सैन्यापासून वेगळ्या झालेल्या जेरोम आणि दाव्हू यांच्या तुकड्या मिनारने सैन्याबरोबरच चालल्या असे मानले. घट डोळ्यांना नीट कळावी म्हणून हे केले, असे त्याने नकाशावरच लिहून ठेवले आहे. कादंबरीकारावर अशी कबुली देण्याचे बंधन नसते.

मात्र एका निवडीबद्दल नकाशा मूक आहे. खाली तापमानाचा आलेख आहे, तोही फक्त परतीच्या वाटेचा. साहजिकच वाचक सारा दोष थंडीला देतो. वास्तविक पट्ट्याची सर्वांत मोठी घट मॉस्कोला पोहोचण्यापूर्वीची आहे. काही तुकड्या वाटेत ठेवल्या गेल्या हे खरे. पण रोगराई, उपासमार, पलायन आणि लढाया यांचा वाटा त्या फिक्या रंगात विरून जातो. रशियनांच्या मृत्यूला तर येथे रेषाच नाही.

म्हणून असे चित्र आपण एखाद्या साहित्यकृतीसारखे वाचावे : काय काढले आहे ते पाहावे, आणि कशासाठी रेषा ओढलीच नाही तेही विचारावे.