वऱ्हाड सापडत नाही

अमरावतीत प्रोग्रॅमर म्हणून लागलो, तेव्हाची गोष्ट. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका कार्यालयातून कुऱ्ह्याचे एक म्हातारे शेतकरी दोनदा परत गेले होते. यादीत नाव नाही, म्हणे. तिसऱ्यांदा आले तेव्हा नेमका मी तिथे होतो. त्यांनी पिशवीतून छापील यादी काढली, नावावर बोट ठेवलं. "हे काय हाये मंग? कागदावर हाये अन् डब्ब्यात नाई?"

डब्ब्यातही होतं. आधी गाव शोधायचं, मग माणूस, अशी सोय मीच केली होती आणि गावच सापडत नव्हतं. घोळ 'कुऱ्हा'मधल्या त्या आडव्या अर्ध्या र चा.

हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ आणि हलन्त. ही रीत 1991 च्या 'इस्की' या भारतीय मानकातून आली. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह. ही युनिकोडच्या 2.0 आवृत्तीतली (1996) रीत, जुना मजकूर बिघडू नये म्हणून पुढेही चालू ठेवलेली. गंमत म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात पूर्ण ऱ ची ओळख द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठीचं अक्षर अशी आहे. मराठीला त्याचा अर्धाच तुकडा लागतो!

डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका ऑपरेटरने एका रीतीने भरलेलं 'वऱ्हाड' दुसऱ्याला कधीच सापडत नाही. युनिकोडचं प्रमाणीकरणही इथे उपयोगाचं नाही, कारण ते हा जॉइनर काढत नाही.

त्या दिवशी मी क्वेरीत दोन्ही रूपं 'ऑर' लावून टाकली. दोन मिनिटांत बाबांचं नाव आलं. पण वऱ्हाडे, बऱ्हाटे अशी आडनावं पुढे उभीच होती. मग नावाशेजारी दुसरा कॉलम केला: जॉइनर काढायचा, ऱ चा र करायचा आणि शोध त्यात घ्यायचा. त्यामुळे कुणी 'दऱ्यापूर' टाइप केलं तरी दर्यापूर सापडू लागलं. पुस्तकांच्या शोधात मात्र ही युक्ती नडली असती, तिथे आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीला बसवून चालत नाही.

आपण काहीतरी नवं केलं असं मला वाटत होतं. पण रॉबर्ट रसेल या अमेरिकन माणसाने 1918 मध्येच 'साउंडेक्स'चं पेटंट घेतलं होतं: आडनावाशेजारी त्याच्या उच्चाराचा सांकेतिक क्रमांक ठेवायचा आणि त्यावरून शोधायचं. 1930 च्या दशकात तिथे पेन्शन सुरू झाली. कित्येकांकडे जन्मदाखलेच नव्हते. तेव्हा 1880 च्या जनगणनेतून दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेली कुटुंबं याच पद्धतीने कार्डांवर उतरवली गेली. वय सिद्ध करायला आलेल्या त्या म्हाताऱ्यांत आणि आमच्या कुऱ्ह्याच्या बाबांत मला काही फरक दिसत नाही.

आणि अमरावतीचं तरी काय? इंग्रजी दप्तरात ती अमराओती, कापसाच्या बाजारात तिच्या नावाचा माल 'ऊमरा', आणि सगळं वऱ्हाड 'बेरार'. जुन्या कागदांत आपलं गाव शोधायचं तर तीनचार स्पेलिंगं ठेवूनच बसावं लागतं.

त्या कॉलमवर मी शेरा लिहिला होता, 'तात्पुरतं आहे, नंतर नीट करू'. नोकरी सोडून मी अकोल्याला आलो. मागच्या वर्षी तिथल्या नव्या मुलाचा फोन आला, "दादा, हा कॉलम काहून हाये? उडवून टाकू काय?"

म्हटलं, आधी कुऱ्हा टाइप करून बघ.