हाब्सबुर्ग घराण्याचे मूळ : ट्रॉयचा वीर की बळकावलेले गाव?

(१/८)
१२७३ साली जर्मन राजपदी निवडला गेलेला रुडॉल्फ हा हाब्सबुर्ग घराण्यातील पहिला राजा. १२८२ मध्ये त्याच्या पुत्रांना ऑस्ट्रिया मिळाला आणि तेथील सत्ता १९१८ पर्यंत या घराण्याकडे राहिली. मात्र हे घराणे मूळचे ऑस्ट्रियाचे नव्हे.

(२/८)
आजच्या स्वित्झर्लंडमधील आरगाउ प्रांतात, ब्रुग गावाजवळच्या टेकडीवर हाब्सबुर्ग किल्ला आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राडबोट नावाच्या सरदाराने तो बांधला, असे मानले जाते. तेव्हा हा मुलूख जर्मन राज्यातील स्वाबियात मोडत असे. किल्ल्याच्या नावाचा अर्थ काही जण ‘ससाण्याचा गड’ असा लावतात, तर काही जण त्याचा संबंध नदीच्या उताराशी जोडतात.

(३/८)
त्या काळी तेथील सरदारांना कायमचे आडनाव नसे. ‘हाब्सबुर्गचा काउंट’ हा उल्लेख ११०८ च्या एका दस्तऐवजात येतो, तोही राडबोटचा नातू ऑटो याच्यासंदर्भात. म्हणजे किल्ला आधी उभा राहिला आणि घराण्याचे नाव त्यावरून पडले.

(४/८)
त्याआधीच्या पिढ्यांसाठी मुख्य आधार आहे तो मुरी येथील मठाचा. परंपरेनुसार त्याची स्थापना १०२७ ची. सुमारे ११६० मध्ये तेथील एका अनाम भिक्षूने मठाचा लॅटिन वृत्तांत लिहिला. त्यातील वंशावळ अशी : ‘श्रीमंत’ गुंट्राम, त्याचा पुत्र कान्झेलिन, त्याचा पुत्र राडबोट.

(५/८)
हा गुंट्राम कोण? ९५२ मध्ये राजा पहिल्या ऑटोने राजद्रोहाच्या आरोपावरून गुंट्राम नावाच्या एका काउंटच्या जमिनी जप्त केल्या होत्या. अनेक इतिहासकार दोघांना एकच मानतात. नाव आणि काळ जुळतात. तरीही हे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

(६/८)
भिक्षूचे पुढचे निवेदन अधिक बोलके आहे. मुरीतील स्वतंत्र शेतकऱ्यांनी कान्झेलिनचे संरक्षण स्वीकारले आणि त्याने त्यांची जमीनच बळकावली. ती पुढे राडबोटची पत्नी इटा हिच्याकडे आली. जमीन अन्यायाने मिळवलेली आहे हे कळल्यावर तिने तेथे मठ स्थापन करण्याचा आग्रह धरला.

(७/८)
अर्थात हा भिक्षूही तटस्थ नव्हता. कोणती जमीन मठाकडे कशी आली हे नोंदवण्यात मठाचे हितसंबंध होते. पण आश्रयदात्यांच्या पूर्वजांचा अन्याय मठाच्याच दप्तरात नोंदवला जावा, यामुळे या साक्षीचे वजन वाढते. संरक्षणाच्या नावाखाली सत्ता कशी वाढत गेली, हे त्यातून दिसते.

(८/८)
१४१५ मध्ये स्विस संघाने आरगाउ जिंकला आणि मूळ किल्ला घराण्याच्या हातून गेला. शतकभराने सम्राट पहिल्या माक्सिमिलियानच्या आश्रयाने याकोब मेनेलने लिहिलेल्या वंशावळीत मात्र घराण्याचा मूळपुरुष ट्रॉयचा वीर हेक्टर ठरला! ती वंशावळ सोळाव्या शतकातील महत्त्वाकांक्षा सांगते. अकराव्या शतकासाठी मुरीकडेच वळावे लागते. शेवटचा सम्राट कार्ल याचे हृदयही आज त्याच मठात, इटाच्या मुरीत, जतन केलेले आहे.